साक्षीदार : सक्षमता आणि विश्वसनीयता

पुराव्याच्या कायद्यातील दोन स्वतंत्र कसोट्या. सक्षमता म्हणजे साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याची पात्रता. तिथे सांगितलेल्यावर न्यायालयाने किती विसंबावे, हा विश्वसनीयतेचा प्रश्न. पहिली साक्षीपूर्वी ठरते, दुसरीचा निवाडा बहुधा थेट निकालपत्रातच वाचायला मिळतो.

सक्षमतेचा उंबरठा मुद्दामच ठेंगणा ठेवलेला आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ११८ नुसार (१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम १२४) विचारलेले प्रश्न समजणारी आणि त्यांना सुसंगत उत्तरे देऊ शकणारी कोणतीही व्यक्ती सक्षम ठरते. किमान वयाची अट नाही. मनोविकारही आपोआप आड येत नाही. नामचीन खोटारडाही सक्षमच. त्याला उघडे पाडणे हे उलटतपासणीचे काम.

रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य (१९५२) या खटल्यात आठ वर्षांच्या मुलीला शपथेचा अर्थ कळत नाही म्हणून शपथ न देताच तिची साक्ष नोंदवली गेली होती. शपथ राहून गेल्याने साक्षीच्या विश्वसनीयतेवर परिणाम होऊ शकतो, सक्षमतेवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. वडिवेलु थेवर खटल्यात (१९५७) त्याच न्यायालयाने साक्षीदारांचे तीन वर्ग पाडले : पूर्ण विश्वसनीय, पूर्ण अविश्वसनीय आणि अधलेमधले. पहिल्या वर्गातला एकटा साक्षीदारही पुरेसा असतो. खरी डोकेदुखी तिसऱ्या वर्गाची. तिथे स्वतंत्र पुष्टी शोधावी लागते.

दोन्ही कसोट्यांमधले अंतर सर्वांत ठळक दिसते ते माफीच्या साक्षीदाराबाबत. गुन्ह्यातला हा साथीदार कायद्याने सक्षम असतो, पण स्वतःची सुटका हाच त्याचा मोबदला असल्याने न्यायालय त्याच्याकडे सावधपणे पाहते. गांधी हत्या खटल्यात पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. न्या. आत्माचरण यांना त्याची साक्ष सरळ वाटली होती. तरीही विनायक दामोदर सावरकरांविरुद्धच्या त्याच्या कथनाला पुष्टी न मिळाल्याने केवळ त्यावर निष्कर्ष काढणे त्यांना धोक्याचे वाटले आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी सावरकर निर्दोष सुटले.

पुष्टीविना साथीदाराच्या साक्षीवर झालेली शिक्षा केवळ त्या कारणाने बेकायदा ठरत नाही, असे जुने कलम १३३ सांगे. नव्या कायद्याच्या कलम १३८ मध्ये मात्र पुष्टी मिळालेल्या साक्षीचाच उल्लेख आहे.