अर्ज एकीचा, मोबाईल घरभराचे

गारखेडा परिसरातल्या एखाद्या घरातली मुलगी महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरते, तेव्हा तो सहसा एका यंत्रावर भरला जात नाही. योजनेची माहिती ती भावाच्या मोबाईलवर वाचते. आधारला वडिलांचा नंबर जोडलेला असतो, म्हणून ओटीपी त्यांच्याकडे जातो आणि वडील वाळूजला किंवा चिकलठाण्याला पाळीवर असतात. जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांचे फोटो आईच्या मोबाईलमध्ये. कागद हव्या त्या आकाराचे करून चढवण्यासाठी शेवटी नेट कॅफेचा संगणक. चार यंत्रे, चार मालक, अर्ज एक. यातले एक जरी वेळेवर हाताशी नसले तरी अर्ज अडतो, आणि मुदत उलटली की फी घरच्यांच्या अंगावर येते.

एका माणसाला लागणारी माहिती अनेक वैयक्तिक उपकरणांवरून, त्या-त्या उपकरणाला पेलेल अशा रूपात पोहोचवणे, हा संगणकशास्त्रातला जुना विषय आहे. त्याला दोन बाजू आहेत. पहिली, पानाने स्क्रीनप्रमाणे आपले रूप बदलणे. दुसरी, एका उपकरणावर अर्धे राहिलेले काम दुसऱ्यावर तिथूनच पुढे नेता येणे. आपल्याकडे पहिलीची चर्चा थोडीफार होते. दुसरी मात्र ज्याची त्याने निस्तरायची, असेच गृहीत धरलेले आहे.

अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातले मार्क वायझर यांनी १९९१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात याविषयी एक लेख लिहिला. त्यांच्या कल्पनेतल्या खोलीत तीन मापांची यंत्रे होती: तळहातावर मावणारी, कागदाएवढी आणि भिंतीवरची फळ्याएवढी. एका खोलीत लहान यंत्रेच शंभरावर. माणूस कुठेही बसला तरी माहिती त्याच्यामागे येणार. आजचे मोबाईल, टॅब आणि मोठे टीव्ही पाहिले तर मापे त्यांनी अचूक हेरली होती. पण त्या चित्रात माणूस एक आणि यंत्रे अनेक. आपल्या वस्त्यांत चित्र उलटे आहे. एक मोबाईल घरातली तीन माणसे वापरतात आणि एका माणसाची माहिती तिघांच्या मोबाईलमध्ये विखुरलेली असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाईल असल्याचे आढळले. उरलेल्या स्त्रियांच्या बाबतीत ‘तुमच्या मोबाईलवर आलेला ओटीपी टाका’ हे वाक्यच चुकीच्या माणसाशी बोलत असते.

आधी पानाविषयी. मोबाईलवर वेब आले तेव्हा अनेक संकेतस्थळांनी दोन आवृत्त्या ठेवल्या, संगणकासाठी एक आणि मोबाईलसाठी दुसरी, बहुधा अपुरी. मे २०१० मध्ये इथन मार्कॉट यांनी एकच पान सगळ्या मापांना जुळवून घेणारे करावे, अशी पद्धत मांडली. त्यामागचे तंत्र म्हणजे मीडिया क्वेरी. पानाच्या मांडणीत नियम लिहायचा की स्क्रीनची रुंदी अमुकपेक्षा कमी असेल तर शेजारशेजारचे तीन रकाने एकाखाली एक घ्या, तक्ता आडवा सरकू द्या. वेबचे मानक ठरवणाऱ्या संस्थेने जून २०१२ मध्ये हे तंत्र अधिकृत केले. मजकूर एकच राहतो, रूप बदलते.

देवनागरीला यात आणखी काही लागते. वेलांटी, मात्रा, रफार वर आणि उकार खाली, त्यामुळे इंग्रजीसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर ठेवले तर अक्षरे एकमेकांना भिडतात. पानाची भाषा मराठी असल्याची खूण आतल्या कोडमध्ये दिली तर अनेक फॉन्ट ‘श’ आणि ‘ल’ मराठी वळणाचे दाखवतात. ती दिली नाही तर हिंदी वळणाचे येतात. शिवाय अक्षरांचे माप पक्के बांधू नये. आजीने मोबाईलच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठे केले असेल तर पानाने ते ऐकले पाहिजे.

हे सगळे मजकुराला लागू होते, चित्राला नाही. आपल्या चळवळीतली बहुतेक माहिती मात्र आज चित्राच्या रूपात फिरते. जयंतीचे बॅनर, शिबिराची सूचना, वसतिगृह प्रवेशाची तारीख, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर जेपीजी. फोटो आणि नावे ठळक, तारीख कोपऱ्यात. हे चित्र लहान स्क्रीनवर जुळवून घेत नाही, शोधल्यावर सापडत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या मोबाईलला वाचून दाखवता येत नाही. बॅनर जरूर करावा, आमचा त्याला विरोध नाही. त्याच्याखाली तोच मजकूर टाईप करायला दोन मिनिटे लागतात.

बाबासाहेबांच्या ग्रंथांचेही असेच आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मिळतात. काम मोठे आणि मोलाचे आहे. पण पीडीएफमध्ये छापील पानाची चौकट पक्की असते. सहा इंची मोबाईलवर प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत वाचावी लागते. पहिल्या खंडातले ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर साध्या वेबपानांच्या रूपातही आहे. दोन्ही एकदा आपल्या मोबाईलवर उघडून पाहावेत. फरक सांगावा लागणार नाही.

या बाबतीत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ तर तयारच आहे, असे आम्हाला वाटते. वर्षावासात विहारांमध्ये त्याचे वाचन चालते. एकाच्या हातात छापील प्रत, दुसऱ्याकडे पीडीएफ, तिसऱ्याकडे वेगळ्या प्रकाशकाची आवृत्ती, आणि पान क्रमांक कुणाचाच कुणाशी जुळत नाही. जुळत्या पानावर तर पान क्रमांकाला अर्थच उरत नाही, कारण स्क्रीन बदलली की पाने बदलतात. पण बाबासाहेबांनी या ग्रंथाची रचनाच खंड, भाग, प्रकरण आणि प्रत्येक विधानाला क्रमांक अशी केली आहे. क्रमांक स्क्रीनवर अवलंबून नसतो. वेबपानावर प्रत्येक क्रमांकाला स्वतःचा पत्ता देता येतो. पत्त्याच्या शेवटी हॅश चिन्ह आणि क्रमांक लिहिला की पान थेट त्या विधानाशी उघडते. मग विहारातल्या टीव्हीवर भिंतीएवढी अक्षरे, आजीच्या मोबाईलवर मोठी, मुलांच्या मोबाईलवर लहान, आणि सगळे एकाच विधानावर. इंटरनेट नसेल तर एका लॅपटॉपवर ही पाने ठेवून त्याच्या हॉटस्पॉटला बाकीचे मोबाईल जोडता येतात. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ इंग्रजी ग्रंथाची स्वामित्वहक्काची ६० वर्षांची मुदत २०१७ अखेर संपली आहे. मराठी अनुवादाचे हक्क वेगळे असतात, ते आधी तपासावेत. वेबपाने बनवता येणारी चार-पाच मुले एका वर्षावासात हे काम पुरे करू शकतील.

आता अर्ध्या राहिलेल्या कामाकडे. संकेतस्थळावर लॉगिन केले की ते त्या ब्राउझरला कुकी नावाची एक छोटी खूण देते. ही खूण त्याच ब्राउझरमध्ये राहते. म्हणून भावाच्या मोबाईलवर लॉगिन केले तरी नेट कॅफेतल्या संगणकाला ते माहीत नसते, पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. भरलेली माहिती कुठे आहे, हा आणखी वेगळा प्रश्न. ‘सेव्ह’ दाबले असेल तर ती सर्व्हरवर तुमच्या खात्यात जाते आणि कुठूनही दिसते. दाबले नसेल तर ती फक्त उघड्या पानात असते, आणि वेळ संपून पान बंद झाले की जाते. म्हणून अर्जाचा प्रत्येक टप्पा भरला की सेव्ह करायचा, मग वडिलांना फोन लावायचा. ओटीपीला मिनिटांची मुदत असते आणि काही कारखान्यांत मोबाईल गेटवर जमा होतो. तेव्हा लॉगिनची वेळ वडिलांच्या पाळीप्रमाणे ठरवावी. ऐकायला साधे वाटते, पण शेवटच्या दिवसाची निम्मी धावपळ याने वाचते.

नेट कॅफेत कागद पोहोचवण्याची रूढ वाट म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप वेब. कॅफेच्या संगणकावर क्यूआर स्कॅन करायचा आणि फोटो उतरवायचे. २०१५ मध्ये ही सोय आली तेव्हा मोबाईल चालू आणि इंटरनेटला जोडलेला असावा लागे. २०२१ पासून जोडलेले उपकरण मोबाईल बंद असतानाही चालते. असे चार उपकरणांपर्यंत जोडता येते, आणि मूळ मोबाईल १४ दिवस वापरलाच नाही तर जोडणी तुटते. मोबाईल रोज वापरात असेल तर ती आपोआप तुटेल या भरवशावर राहू नये. म्हणजे लॉगआउट न करता उठलेल्या मुलीच्या, किंवा ज्या आईचा मोबाईल तिने नेला तिच्या गप्पा, फोटो आणि दाखले त्या संगणकावर पुढे कुणालाही उघडता येतात. आम्ही मुलींना सुचवू की कागद डेटा केबलने किंवा पेन ड्राइव्हने न्यावेत. व्हॉट्सअ‍ॅपच वापरावे लागले तर उठण्यापूर्वी मोबाईलमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’ यादीत जाऊन ते उपकरण काढावे आणि संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमधून दाखले पुसावेत. ब्राउझर पासवर्ड साठवू का विचारतो, तिथे नाही म्हणावे.

नंबर बदलणे हा आणखी एक खड्डा. स्वस्त रिचार्जसाठी सिम बदलले जाते, जुना नंबर बंद पडतो, आणि बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. आधार आणि बँक खाते मात्र जुन्याच नंबरला धरून बसलेले असतात. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच येते. त्यामुळे सिम बदलायचे तर आधी आधार केंद्रावर आणि बँकेत नवा नंबर नोंदवावा, नंतर जुने सिम सोडावे. मुलगी कॉलेजात गेली की तिच्या आधारला तिचा स्वतःचा नंबर जोडावा, असे आमचे मत आहे. वडिलांवर अविश्वास म्हणून नव्हे. पुढची चार-पाच वर्षे प्रत्येक अर्जात ओटीपी लागणार आहे.

मंडळांच्या बाबतीतही हेच घडते. विहाराचे यूट्यूब चॅनेल किंवा मंडळाचे गुगल खाते एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या नंबरवर उघडलेले असते. तो नोकरीला पुण्याला गेला, नंबर बदलला, की जुन्या कार्यक्रमांची छायाचित्रे आणि चित्रफिती असलेले खाते कुणालाच उघडत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी चालू केल्यावर गुगल दहा राखीव कोड देते, प्रत्येक आठ अंकी आणि एकदाच चालणारा. त्यांची छापील प्रत विहाराच्या कपाटात, मंडळाच्या नोंदवहीसोबत बंद पाकिटात ठेवावी आणि कोणता कोड कुणी कधी वापरला ते पाकिटावर लिहीत जावे.