पुण्याचा वीस इंची आरसा

अंतर्वक्र आरशाचे सूत्र आपण घोकतो. सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या इब्न अल-हैसम यांनी अशा आरशांवर ग्रंथ लिहिले. गोलाकार आरशावर किरण नेमका कोठे परावर्तित होतो, हे कोडे त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

आपल्या महाराष्ट्रातही असा एक नामांकित आरसा होता. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून १८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी राहिली. प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला तिचे प्रमुख होते. डब्लिनच्या ग्रब यांनी घडवलेल्या तेथील दुर्बिणीच्या आरशाचा व्यास २० इंच. ताऱ्याचे किरण समांतर येतात. म्हणून प्रतिमा नाभीत, वक्रता त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर उमटते.

ही त्रिज्या मोजणे अवघड नाही. पारशिवनीच्या बाजारातला दाढीचा अंतर्वक्र आरसा घ्या (वडिलांना विचारून!) व त्यावर पट्टी आडवी ठेवा. अर्धी रुंदी ६ सेंमी व मधली खोली ०.३ सेंमी भरली, तर ३६ भागिले ०.६, म्हणजे त्रिज्या सुमारे ६० सेंमी आणि नाभीय अंतर ३०.

१९१२ साली नायगामवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. कॉलेजात ती दुर्बीण पुढे चालवली गेली नाही. ती कोडाईकनालला रवाना झाली.