न तुटलेल्या पट्ट्याचा इतिहास

इतिहास घडलेल्या गोष्टींचा लिहितात, हे आपण सगळे गृहीत धरून चालतो. पण जी गोष्ट घडू नये म्हणून कुणीतरी वेळेवर काम केलं आणि म्हणून ती घडलीच नाही, तिचा इतिहास कसा लिहायचा? यंत्रांच्या देखभालीवर काम करताना हा प्रश्न मला वारंवार अडवतो. गेल्या सुट्टीत राजूरला मामांकडे गेलो, तेव्हा तो थेट गाडीच्या बॉनेटखाली सापडला.

मामांकडे २००५ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे, सेकंडहँड घेतलेली. ही गाडी आपल्या भागाला परकी नाही. जालना रोडवरच्या शेंद्रा एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टाव्हिया हीच त्यांची भारतातली पहिली गाडी. तिची वेगवान बहीण आरएस इथे २००४ मध्ये आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस ताकद, चार सिलिंडरना मिळून २० व्हॉल्व्ह. त्या काळी सर्वसामान्य गाड्यांच्या मानाने हे फार होतं.

मिस्त्री म्हणाले, "भाऊ, टायमिंग बेल्ट बदलून घ्या. सोबत वॉटर पंप अन् टेन्शनर पण." मामांचं उत्तर ठरलेलं होतं : "चालतीय ना गाडी? आवाज तरी येतो का?"

मला वाटतं, खरा इतिहास मामांच्या या एका वाक्यात आहे. अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनात कॅमशाफ्ट साखळीवर फिरायचा. साखळी सैल झाली की आधी खडखड व्हायची. त्यामुळे गाडी सांभाळणं म्हणजे कान उघडे ठेवणं, अशी एक अख्खी संस्कृती तयार झाली. दात असलेला रबरी पट्टा मोटारींच्या इंजिनात १९६०च्या दशकात आला. आपल्याकडे तो घरोघरी पोचवला डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८००नं. हा पट्टा हलका आणि शांत, पण तुटण्याआधी तो बहुतेक वेळा काही सांगत नाही. उभ्या गाडीतही रबर म्हातारं होतं, म्हणून तो किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल त्यावर बदलायचा असतो.

आरएसच्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात. पट्टा तुटला की ही पाळी मोडते, पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड उतरवावं लागतं. वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो. पंप अडकला तर पट्टाही जातो. म्हणून तिन्ही गोष्टी एकदम बदलायच्या. तेलाचंही तसंच. टर्बोच्या उष्णतेनं तेल जळून घट्ट होतं, सम्पमधली जाळी हळूहळू तुंबते. दिवा लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. इथे कान उपयोगी नाहीत, कॅलेंडर लागतं.

कॅलेंडरवर चालणारी देखभाल मराठवाड्याला नवी होती असं मात्र नाही. १९४८ मध्ये सुरू झालेल्या एसटीची एक मध्यवर्ती कार्यशाळा चिकलठाण्यात आहे आणि आगारांत ठरलेल्या मुदतीनं गाड्या तपासायची पद्धत आहे. म्हणजे एकाच रस्त्यावर दोन पद्धती नांदत होत्या : संस्थेची रजिस्टरवरची आणि घरची कानावरची. डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या पुस्तकात हेच बजावलं आहे की तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांपुरता ठेवू नका, वापर आणि देखभालीकडे बघा.

आता पद्धतीबद्दल. मी गाडीचं सर्व्हिस बुक चाळलं. पहिल्या मालकाच्या काळातले शिक्के व्यवस्थित, पुढे कोरी पानं. पट्टा कधी बदलला याची नोंद कुठेच नाही. मी म्हणालो, "नोंद नाही म्हणजे काम झालंच नाही, असं कसं म्हणता येईल? बाहेर करून घेतलं असेल." मिस्त्री हसले. "कागद नाही म्हणजे काम नाही, असंच धरायचं."

आपल्याला पहिल्या वर्षापासून उलट शिकवतात : पुराव्याचा अभाव हा अभावाचा पुरावा नसतो. मग चूक कोण? कुणीच नाही. मिस्त्रींना निर्णय घ्यायचा आहे. पट्टा विनाकारण बदलला तर थोडे पैसे जातील. न बदलता तुटला तर इंजिन जाईल. दोन चुकांची किंमत सारखी नाही, म्हणून ते एका बाजूला झुकतात आणि ते बरोबरच आहे. आपल्याला मात्र विधान करायचं असतं. तिथे कोरं पान कोरंच ठेवावं लागतं. मुलाखती घेताना हा फरक विसरलात, तर मिस्त्रींचा सावधपणा तुम्ही भूतकाळाचं वर्णन म्हणून लिहून टाकाल.

दुसरी खबरदारी, आज रस्त्यावर दिसणाऱ्या जुन्या आरएस बघून "तेव्हाचे लोक गाड्या छान सांभाळायचे" असं लिहू नका. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड यांनी दाखवलं होतं की परत आलेल्या विमानांवरची छिद्रं बघून चालत नाही, न परतलेल्यांचा विचार करावा लागतो. हयगयीचा पुरावा भंगारात गेलेला असतो.

मग साधनं कोणती? गॅरेजची उधारीची वही, सुट्या भागांची बिलं, ऑइल बदलल्यावर बॉनेटखाली लावलेला स्टिकर, आणि काढून ठेवलेला जुना भाग. शेवटचं साधन सगळ्यात आधी नष्ट होतं.

मामांनी शेवटी पट्टा बदलला. जुना हातात घेतला तर वरची छपाई पुसलेली, दातांच्या बुडाशी बारीक भेगा. अजून किती चालला असता? ते आता कुणालाच कळणार नाही. वेळेवर केलेल्या कामाची ही गंमतच आहे. मिस्त्री तो भंगारात टाकणार होते, मी मागून घेतला. त्याला चिठ्ठी बांधली : तारीख, किलोमीटर, गाव राजूर. मामांनी सर्व्हिस बुकच्या कोऱ्या पानावर तेच लिहिलं आणि खाली सही केली.

फील्डवर्कला निघाल तेव्हा एक रिकामी पिशवी सोबत ठेवा.