मिसरच्या नावाचा बाजार

इस्तंबूलच्या एमिनोनू धक्क्याजवळ मसाल्यांचा जुना बाजार आहे. तुर्की लोक त्याला 'मिसिर चार्शिसी' म्हणतात. तुर्कीत 'मिसिर' म्हणजे मका, त्यामुळे नवखा माणूस मक्याचा बाजार शोधू लागतो. पण इथला मिसिर म्हणजे आपला मिसर, इजिप्त. मलबारची मिरी आणि येमेनची कॉफी तांबड्या समुद्रातून मिसरला आणि तिथून या धक्क्यावर उतरत असे. कोकणातल्या चौल-दाभोळ बंदरांचाही त्या समुद्राशी जुना व्यापार होता.

नोकरीनिमित्त या शहरात राहत असल्याने मसाला संपला की माझी पावले तिकडे वळतात. काटकोनात वळलेली घुमटदार इमारत, सहा दरवाजे, दोन्ही बाजूंना दुकाने. जडीबुटी विकणाऱ्याला इथे 'अक्तार' म्हणतात. तो आपलाच अत्तार! दुकान, बदाम, खिमा हे शब्दही ओळखीचे निघतात. परदेशात एवढ्यानेही परकेपण कमी होते.

पण या बाजाराची खरी ओळख शेजारच्या येनी जामी, म्हणजे नव्या मशिदीत आहे. तिसऱ्या मेहमदची आई साफिये सुलतान हिने १५९७ मध्ये तिचे काम सुरू केले. १६०३ मध्ये मुलगा वारला, तिची सत्ता गेली आणि बांधकाम अर्धवट पडले. अर्ध्या शतकाहून अधिक काळाने चौथ्या मेहमदची आई तुरहान सुलतान हिने ते पुन्हा हाती घेतले. लहानपणी गुलाम म्हणून आणलेली ही स्त्री. १६६५ मध्ये मशीद खुली झाली. बाजार याच संकुलाचा भाग होता. दुकानांच्या भाड्यातून मशीद, मदरसा, पाणपोई यांचा खर्च भागावा, अशी वक्फची व्यवस्था तिने केली. खैरात एकदा देऊन संपते. भाडे दरवर्षी येते. हा हिशेब साडेतीनशे वर्षांपूर्वी एका स्त्रीने मांडला, याचा अभिमान जरूर वाटावा.

मात्र गोष्ट इथेच थांबवता येत नाही. एमिनोनूचा हा भाग मुख्यतः यहुदी वस्तीचा होता. १६६० च्या भीषण आगीत त्यांची घरे आणि प्रार्थनास्थळे जळाली. जळालेल्या जागी परत घर बांधायची परवानगी त्यांना मिळाली नाही. अनेक कुटुंबांना खाडीपलीकडे हास्कॉयला जावे लागले. त्यांच्या मोकळ्या झालेल्या जमिनीवर हे संकुल पूर्ण झाले.

२०२५ च्या दुरुस्ती कायद्यानंतर आपल्याकडे वक्फची चर्चा घरोघरी पोचली आहे. आपल्या मिळकती गेल्याचे दुःख आपण मांडतो, आणि ते मांडलेच पाहिजे. पण जागा हातची जाण्याचे दुःख ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी त्या यहुदी कुटुंबांचे दुःखही आपल्या इतिहासात लिहायला हवे. त्याने तुरहान सुलतानचे दातृत्व खोटे ठरत नाही. आपले म्हणणे मात्र अधिक प्रामाणिक ठरते.

बाजार पुढेही दोनदा, १६९१ आणि १९४० मध्ये, आगीत सापडला आणि दुरुस्त होऊन उभा राहिला. इस्तंबूलला येणाऱ्या आपल्या माणसांनी इथून केशर, सुमाक जरूर न्यावे. शेजारच्या मशिदीत दोन रकात पढाव्यात. आणि सवड काढून बोटीने हास्कॉयलाही जाऊन यावे. या बाजाराचा अर्धा इतिहास त्या किनाऱ्यावर आहे.