‘भण्डन’ आणि ‘विवाद’

‘भांडण’ हा शब्द आपण गावठी समजतो. प्रतिष्ठित लेखणी ‘मतभेद’ लिहिते आणि भांडण पाणवठ्यावर सोडून देते. वस्तुतः हाच शब्द ‘भण्डन’ या रूपात विनयपिटकात येतो, आणि तोही भिक्खूंविषयी. संस्कृतातही भण्ड् धातू आहे. तथापि मराठीला हा शब्द लोकभाषेच्या वाटेने, प्राकृतातील ‘भंडण’मधून मिळाला.

महावग्गातील कोसम्बकक्खन्धकात भण्डन, कलह आणि विवाद हे शब्द लागोपाठ येतात. एका भिक्खूकडून आपत्ती घडली की नाही, एवढाच मूळ प्रश्न होता. अट्ठकथेनुसार शौचकूपातील भांड्यात उरलेले पाणी हे त्याचे निमित्त. पुढे संघ दुभंगला, भिक्खू परस्परांना शब्दांच्या भाल्यांनी भोसकू लागले आणि त्यांनी तथागतांचेही ऐकले नाही. तथागत कोसंबी सोडून गेले. भांडण मिटवले ते उपासकांनी : त्यांनी या भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे थांबवले, तेव्हा दोन्ही पक्ष सावत्थीस जाऊन तथागतांपुढे उभे राहिले. या प्रसंगातील उपासकांचा वाटा आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

विवादाची गोष्ट निराळी. हा धम्म की अधम्म, हा विनय की अविनय, असा प्रश्न उठला की त्याला विनयात ‘विवादाधिकरण’ म्हणतात. चार अधिकरणांपैकी ते पहिले. (दुसरे ‘अनुवादाधिकरण’; पालीत अनुवाद म्हणजे दोषारोप, हे भाषांतरकारांनी ध्यानात ठेवावे.) विनयाने विवादाला बंदी केली नाही, रीत घालून दिली. निर्णय संघासमक्ष व्हावा. न झाल्यास शलाका घेऊन बहुमत पाहावे, त्यास ‘येभुय्यसिका’ म्हणतात. शलाका गोळा करणारा छंद, द्वेष, भय आणि मोह यांपासून मुक्त असावा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खुसंघाच्या मतमोजणीसह सभानियमांचे स्मरण दिले, ते याच परंपरेचे.

मराठीत मात्र ‘वाद घालू नको’ म्हणजे ‘भांडू नको’. नैयायिकांनी वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार वेगळे ठेवले होते. आपण तिन्ही एका पोत्यात भरले.

या फरकाचे मोल आपल्याच जिल्ह्यात दिसते. तेर म्हणजे प्राचीन तगर. येथील त्रिविक्रम मंदिर विटांचे व गजपृष्ठाकार असून ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे मत हेन्री कझेन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. ते सर्वांना मान्य नाही, कारण केवळ आकारावरून निर्णय होत नाही. ऐहोळेचे दुर्ग मंदिरही गजपृष्ठाकारच आहे. तथागतांनी स्वतःला ‘विभज्जवादी’, म्हणजे प्रश्नाचे भाग पाडून उत्तर देणारा, म्हटले होते. त्या रीतीने येथे दोन प्रश्न होतात. तगरात बौद्ध वस्ती होती काय? होती, उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. हीच वास्तू चैत्यगृह होती काय? माझ्या मते तसा संभव अधिक, पण तो संभवच. आपल्या सभांत मात्र हे दोन प्रश्न एक करून मांडले जातात आणि दुसऱ्याविषयी शंका घेणाऱ्याला पहिल्याचा वैरी ठरवले जाते. विनयाच्या भाषेत त्याला विवाद म्हणता येत नाही. त्यासाठी आपला जुना, गावठी शब्दच योग्य आहे.