घोडा गेला, अश्वशक्ती उरली

गावाकडं विहिरीवर कितीची मोटर बसवली असं विचारलं, की 'पाचची', 'साडेसातची' असं उत्तर येतं. हे पाच-साडेसात म्हणजे अश्वशक्ती, आपली एचपी. गंमत अशी, की आपल्याकडं मोट ओढली ती बैलांनी. मग हा घोडा आला कुठून?

तो आला इंग्लंडमधून, आणि तोही पैशांच्या हिशेबातून. जेम्स वॅटची वाफेची यंत्रं आधी खाणींतलं पाणी उपसत. जुन्या यंत्राच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचे, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा वॅट आणि त्याचा भागीदार बोल्टन घेत. १७८० नंतर ही यंत्रं गिरण्यांत आणि बिअरच्या कारखान्यांत घोड्यांच्या जागी आली. घोडा कोळसा खात नाही; मग मोबदला आकारायचा कशावर? वॅटनं चक्की फिरवणाऱ्या घोड्याचाच हिशेब मांडला. १२ फूट त्रिज्येचं रिंगण, तासाला १४४ फेरे, ओढ १८० पौंडांची. त्यावरून ठरलं, की ३३,००० पौंड वजन मिनिटात एक फूट उचलणं म्हणजे एक अश्वशक्ती. साध्या घोड्याला दिवसभर हे झेपत नाही. पण 'हे यंत्र दहा घोड्यांचं काम करतं' एवढं गिऱ्हाइकाला पटकन कळलं.

पुढं हा शब्द एका शाखेतून दुसरीत गेला आणि जाईल तिथं बदलला. विजेच्या मोटरीची अश्वशक्ती ७४६ वॅटची, युरोपातली मेट्रिक अश्वशक्ती सुमारे ७३५ वॅटची. ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारींवर अश्वशक्तीनुसार कर लागला; पण ती मोजायची सिलिंडरची संख्या आणि व्यास यांवरून. साहजिकच कारखानदारांनी कर वाचवायला अरुंद, उंच सिलिंडर बनवले. 'ऑस्टिन सेव्हन'मधला सात हा असा कराचा सात. इंजिनाची खरी ताकद त्याहून जास्त होती.

मीही एकदा फसलो. नोकरीत नवा असताना एका अमेरिकी माहितीपत्रकात २० अश्वशक्तीचा बॉयलर पाहिला आणि मोटरीच्या हिशेबानं आकडेमोड केली. आमचे वरिष्ठ हसून म्हणाले, "अहो, हा घोडा वेगळा आहे!" बॉयलरची अश्वशक्ती उष्णतेची असते, सुमारे ९,८०० वॅट. माझं उत्तर तेरा पटींनी चुकलं होतं. ते कागदावरच पकडलं गेलं, हे नशीब.

शेतकऱ्याला मात्र हा शब्द थेट खिशाशी भिडतो. मीटर नसलेल्या कृषिपंपांचं बिल आपल्याकडं अश्वशक्तीवर आकारलं जात आलं आहे. २०२४ साली महाराष्ट्रात मोफत विजेची योजना आली, तिची मर्यादाही साडेसात अश्वशक्तीच. बिलासाठी जन्मलेला शब्द सव्वादोनशेहून जास्त वर्षांनंतरही बिलातच राहिला आहे. म्हणून पंप घेताना दुकानदाराच्या तोंडच्या आकड्यावर विसंबू नका. मोटरीवरच्या पाटीवर किलोवॅटही लिहिलेले असतात. पाच अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट, साडेसात म्हणजे सुमारे ५.६. तो आकडा आणि बिलावरचा आकडा एकदा ताडून पाहा.