पॅच घासणे

२७. पॅच घासणे : बोळिंजच्या (विरार पश्चिमेला, आगाशीच्या वाटेवरचे) खोलीत कानस चालते आहे ती मायक्रोस्ट्रिप पॅच अँटेनावर. छापील सर्किटच्या बोर्डावर वर तांब्याचा चौकोनी तुकडा, खाली अखंड तांबे. एवढाच हा अँटेना. कल्पना १९५३ची, प्रत्यक्ष वापर १९७०च्या दशकातला.

तुकड्याची लांबी बोर्डातल्या तरंगलांबीच्या निम्म्याहून किंचित कमी ठेवतात. वाय-फायच्या २.४५ गिगाहर्ट्झला, १.६ मिमी जाडीच्या एफआर-४ बोर्डावर, ती सुमारे २९ मिमी भरते. पण या स्वस्त बोर्डाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक कधी ४.२, तर कधी ४.७ निघतो आणि चोख गणितही फसते. म्हणून तुकडा आधी जरा लांबच ठेवायचा, मग मोजत मोजत घासायचा. १ मिमी गेला की कंप्रता ८० मेगाहर्ट्झच्या आसपास वर सरकते. हात जास्त चालला, तर कडेला तांब्याची चिकटपट्टी.

मजकुरातले ‘कुमार-रे’ म्हणजे ‘ब्रॉडबँड मायक्रोस्ट्रिप अँटेनाज’ (२००३) हा इंग्रजी ग्रंथ. लेखक तेव्हा आयआयटी मुंबईत असलेले गिरीश कुमार आणि ‘समीर’ या संशोधन संस्थेतले के. पी. रे. मुख्य तुकड्याशेजारी बारीक फट सोडून आणखी तुकडे मांडले, तर कंप्रतांचा पट्टा रुंदावतो. मजकुराच्या पुढच्या परिच्छेदातली ‘फट’ हीच.